राखलेलं रान

ऋतिकाच्या पायाला भिंगरी आहे, असं कसबा पेठेतल्या तिच्या घरमालकीणबाई म्हणत. त्या दिवशी तर लोणी काळभोरची बस हडपसरला रखडली तेव्हा ती उगाचच उठून दारापाशी जात होती आणि पुन्हा येऊन बसत होती.

कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी लोणीतले शेतकरी संभाजीराव यांच्या ताज्या नांगरटीत तिला मोहरीएवढे दोन कोळी सापडले होते. दोन्ही माद्या. नर मिळाल्याशिवाय जात नवी की जुनी ते ठरेना, आणि पीएच.डी.चं घोडं तिथेच अडलं. म्हणून तिने गळ घातली होती, "काका, वर्षभर या तुकड्याला हात लावू नका." वर पाटीही ठोकली होती : 'आत अभ्यास चालू आहे. फिरण्याची हौस बाहेर भागवावी.'

संभाजीरावांनी शब्द पाळला. कांदासुद्धा लावला नाही.

"बघा, शेरडू शिरू दिलं नाय आत," ते अभिमानाने म्हणाले. "रोज सकाळ-संध्याकाळ चक्कर हाय माझी."

गवत गुडघ्याला लागत होतं. ऋतिकाने ते बाजूला सारून माती चाळली, भिंग लावलं, जागा बदलली. नाकतोडे निघाले, मोठाले कोळी निघाले. तिचे नव्हते. मग तिच्या ध्यानात आलं. हे कोळी धाग्यावरून वाऱ्याने येतात, उकरलेल्या उघड्या मातीवर उतरतात आणि गवत माजलं की निघून जातात. गेल्या वर्षीच्या टिपणात तिनेच हे लिहिलं होतं. पण वाचवायचं म्हणजे हात लावायचा नाही, एवढंच शाळेपासून डोक्यात बसलेलं.

"काका, माझंच चुकलं. त्यांना मोकळी, उकरलेली माती लागते. तुमचा हंगाम वाया घालवला मी."

"म्हंजी वर्षभर म्या गवत राखलं?"

तिला मान वर करवेना. संभाजीराव सवयीने बांधाकडच्या वाटेने चालू लागले. वर्षभराच्या फेऱ्यांनी तिथलं गवत पार मेलं होतं, ढेकळं फुटून माती भुसभुशीत झाली होती. ऋतिका धावली, गुडघ्यांवर बसली. मातीवर एक काळा ठिपका हलला. भिंगाखाली त्याच्या तोंडापुढे दोन फुगीर मुठी दिसल्या; मादीला त्या नसतात. नर.

"काका, थांबा. पाय टेकू नका."

तिला रडू आवरेना. संभाजीराव उचललेला पाय तसाच धरून उभे राहिले.

"आता उद्यापास्नं चक्कर मारायची का नाय," ते म्हणाले, "तेवढं नीट इचार करून सांगा."