साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहतात

अठरा वर्षं साहेब हुकूम सोडत आले होते. कोण काय करणार, कधी करणार, सगळं तेच ठरवायचे. मग कंपनीनं कामाची पद्धत बदलली आणि त्यांना स्क्रम मास्टर केलं. नाव भारदस्त, अधिकार शून्य! काम टीमनं आपसात वाटून घ्यायचं, मास्टरनं फक्त वाटेतले धोंडे बाजूला करायचे. आधी काय बनवायचं ते प्रॉडक्ट ओनर ठरवणार, आणि ती होती बारा वर्षं इस्पितळात काढलेली नर्स. सगळे तिला सिस्टरच म्हणत.

बनवायचं होतं अँब्युलन्स बोलावण्याचं सॉफ्टवेअर. दर पंधरा दिवसांचा एक स्प्रिंट, आणि त्याच्या शेवटी काहीतरी चालतं करून दाखवायचं. दोन स्प्रिंट गेले, चालतं काहीच दिसेना. संचालकांनी स्पष्टच सांगितलं, "या वेळी हात हलवत आलात तर टीम मोडतो." सहा जणांची ही मोट साहेबांनी स्वतः बांधली होती. काही झालं तरी ती मोडू द्यायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

घोडं अडत होतं सकाळच्या पंधरा मिनिटांत. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, हे उभ्याउभ्या एकमेकांना सांगायचं. पण सांगायचे सगळे साहेबांकडे बघून. "चालू आहे, साहेब." "होईल, साहेब." अडलंय म्हणून कुणी ब्र काढत नसे.

"अहो, तुमच्या त्या भिवया बघून कोण म्हणेल अडलंय म्हणून?" संध्याकाळी घरी त्यांचं गाऱ्हाणं ऐकून भाजी निवडता निवडता बायको म्हणाली. "गॅस संपला हे मीसुद्धा तुम्हाला दुसरा सिलिंडर आल्यावरच सांगते."

साहेबांना राग आला. पण तिचं खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "माझ्याकडे बघून बोलायचं नाही. हा माझा शेवटचा हुकूम."

कुणीतरी फिसकन हसलं. मग टेस्टर बोलली. ती सॉफ्टवेअर तपासायची आणि तिला सगळे चष्मा म्हणायचे.

"पत्त्याचा स्क्रीन चालत नाहीये. चार दिवस मी नुसतंच होईल, होईल म्हणतेय. खऱ्या पत्त्यांची यादी उघडायला सर्व्हर विभाग परवानगीच देत नाही."

"अगं, मग आधी बोलायचंस ना! मी त्याच यादीची वाट बघत बसलोय," प्रोग्रॅमर करवादला.

"भांडू नका," सिस्टर म्हणाली. "या स्प्रिंटसाठी ठरलेल्या बाकीच्या तीन गोष्टी राहू देत. फोन करणारा घाबरलेला असतो, त्याला आधी पत्ताच विचारतात. मला पत्ता चालायला हवा."

साहेबांच्या डोक्यात अख्खी योजना तयार होती. त्यांनी दातांखाली जीभ दाबली. पण परवानगीचा धोंडा त्यांच्याच वाट्याचा होता. दुपारी ते सर्व्हर विभागात जाऊन ठाण मांडून बसले.

"उद्या या," तिथला अधिकारी म्हणाला.

"उद्याही मी इथेच असेन. तेव्हा आजच द्या."

परवानगी मिळाली.

स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी संचालकांनी स्वतः फोन लावला आणि घाबरल्यासारखा अर्धवट पत्ता सांगितला. स्क्रीननं तो अचूक शोधला.

"आणि बाकीच्या तीन गोष्टी?"

"नाही झाल्या," चष्मा म्हणाली. कुणीही सारवासारव केली नाही.

"मला सोमवारपासून इस्पितळात हाच स्क्रीन हवाय," सिस्टर म्हणाली.

संचालकांनी स्क्रीनवरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला. "ठीक आहे. टीम राहू दे." मग जुन्या सवयीनं ते साहेबांकडे वळले. "बोला, पुढच्या पंधरा दिवसांत काय देणार?"

साहेबांनी तोंड उघडलं.

"ते आम्ही सांगतो, सर," चष्मा मध्येच म्हणाली आणि सांगायला लागली. प्रोग्रॅमरनं तिला दोनदा अडवलं, सिस्टरनं दोघांना.

साहेबांचं बोलणं असं तोडायची अठरा वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती. क्षणभर त्यांना ते लागलं. मग ते खुर्चीत मागे रेलले आणि ऐकत राहिले. एवढा आनंद त्यांना कुठल्याच बढतीनं झाला नव्हता.