बायकांच्या खिडकीतला प्रश्न

आई गेल्यावर सहा महिन्यांनी, पोंगलच्या आदल्या आठवड्यात, पापनाशमच्या थिएटरचे मालक रामस्वामी तंजावरला आमच्या घरी आले. त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता, त्यामुळे त्यांनी ऊस किंवा हळदीची रोपं आणली नव्हती. केळी आणली होती. कॉफी संपेपर्यंत ते आईबद्दल बोलले, मग सिनेमाबद्दल.

आई, म्हणजे हिराबाई, त्यांच्या थिएटरच्या बायकांच्या खिडकीत तीस वर्षं तिकिटं विकत होती. वडील तिथल्याच तालुका कचेरीत कारकून होते. मराठ्यांच्या घरातली बाई सिनेमाची तिकिटं विकते, हे तंजावरच्या नातेवाइकांना आवडत नसे. लग्नकार्यात ते तिला खोचकपणे विचारत, काय हिराबाई, सध्या कोणता चालू आहे? ती सांगायची, वर खेळांच्या वेळाही सांगायची.

पुढे लोक फोनवरून तिकिटं काढू लागले आणि ती खिडकी फक्त सणाला उघडू लागली. आईने काम सोडलं, वडील गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. तरीही प्रत्येक मोठ्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला रामस्वामी तिला बोलावून घ्यायचे. खेळ सुटला की ती बायकांच्या दारापाशी उभी राहायची आणि बाहेर पडणाऱ्या बायकांना एकच प्रश्न विचारायची: पुढच्या वेळी कोणाला घेऊन येशील? सिनेमा छान होता म्हणणारीचा तिला काही उपयोग नसे. नणंदेला आणीन, सासऱ्यांना आणीन, असं नाव घेणारी तिला हवी असायची. अशा पुरेशा भेटल्या की ती रामस्वामींना किती आठवडे ठेवायचा ते सांगायची. तिचं चुकलं नाही असं नाही, पण क्वचित चुकलं.

या वेळचा सिनेमा प्रणवेशचा होता, तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या हिरोचा. आजोबा, सहा भाऊ, परदेशातली दोन गाणी, कुठल्याशा राजवाड्यासारखा सेट. वितरकाचं म्हणणं होतं की तीन आठवडे पक्के करा, नाहीतर एक आठवडा देतो आणि काढून घेतो. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. दिवाळीला रामस्वामींनी असाच एक सिनेमा तीन आठवडे बांधून घेतला होता आणि दुसऱ्या आठवड्यापासून रिकाम्या खुर्च्यांना दाखवला होता. पुन्हा तसं झालं तर थिएटर बंद करावं लागेल, असं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं.

"प्रणवेश तीन आठवडे ओढून नेईल की नाही, एवढंच मला कळायला हवं," ते म्हणाले. "पाप्पा," लहान मुलीला म्हणावं तसं ते मला अजूनही म्हणत, "तू लहानपणी आईच्या मांडीवर बसून पाहिलं आहेस. एकदा येऊन विचार."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, लोकांना प्रश्न विचारायची मला सवय नाही. शिवाय वर्षाच्या आत सिनेमाला कसं जायचं? रामस्वामी म्हणाले, आत जायचं नाहीच, तुझी आई तरी कुठे आत जायची.

म्हणून पोंगलच्या आदल्या दिवशी मी सकाळच्या बसने पापनाशमला गेले आणि तीन तास आईच्या खिडकीत बसले. तिथलं स्टूल तेच होतं. आतून प्रणवेशच्या प्रवेशाच्या शिट्ट्या ऐकू आल्या, नंतर गाणी, नंतर बराच वेळ नुसते संवाद. बायका मुलांना लघवीला घेऊन बाहेर येत आणि घाई न करता परत जात. बायकांच्या दारावर तिकिटं फाडणारी शेषम्मा माझ्यासमोर पायरीवर बसली होती. ती आईच्या बरोबरीची.

खेळ सुटल्यावर मी उभी राहिले आणि विचारायला लागले. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. बायका थांबत होत्या. काहींनी माझा हात धरला. चाळीसेक जणींना विचारलं असेल, त्यातल्या पंचवीस-तीस जणींनी कोणाचं ना कोणाचं नाव घेतलं. बहिणीला आणीन. आईला आणीन. कपिस्तलमची एक बाई म्हणाली, सासूला आणीन, पण तिचे गुडघे दुखतात, आत किती पायऱ्या चढाव्या लागतात? मी मोजून सांगितलं, सात.

आवार रिकामं झाल्यावर मी शेषम्माला म्हटलं, तीन आठवडे धरायला हरकत नाही.

ती पायरीवरची फाटकी तिकिटं गोळा करत होती. "कण्णु," ती मायेने म्हणाली, "त्या तुला ओळखतात."

"म्हणजे?"

"हिराबाईची मुलगी खिडकीत बसली आहे, हे मध्यंतराच्या आधीच आत पसरलं होतं. मला दहा जणींनी विचारलं, आई कशाने गेली म्हणून. तुझ्या तोंडावर त्या नाही कशा म्हणतील?"

माझा हात धरणाऱ्या बायका मला आठवल्या.

"उद्याचा खेळ किती वाजता, कोणी विचारलं?" शेषम्मा म्हणाली. "शेवटची बस कधी?"

"एकीने पायऱ्या विचारल्या."

"मग तेवढी एक धर."

रामस्वामी वर ऑफिसात फोन समोर ठेवून बसले होते. बाहेरची गर्दी त्यांनी खिडकीतून पाहिली होती आणि त्यांचा चेहरा उजळला होता. मी सांगितलं, "ऐया, एक आठवडा."

ते वाद घालायला लागले. लोक हसत बाहेर पडले होते, प्रणवेशच्या प्रवेशाला छत उडायची वेळ आली होती, एवढा खर्च केलेला सिनेमा पोंगलला चालणार नाही तर कधी. माझ्याशी बायका काय बोलल्या, तेही त्यांना पहारेकऱ्याकडून कळलं होतं.

मी म्हटलं, "प्रणवेश त्यांना आवडला, तेवढं खरं आहे. बाकीचं त्या आईसाठी बोलत होत्या."

रामस्वामींनी टेबलावरची पोस्टरची गुंडाळी उगाच सरळ केली आणि फोन उचलला. वितरकाशी ते पाच मिनिटं बोलले. शेवटी म्हणाले, एकच आठवडा, आणि फोन ठेवला. मग मला खाली बसपर्यंत सोडायला आले.

पोंगलचे चार दिवस थिएटर भरलं. पाचव्या दिवशी फक्त पुढच्या रांगांत तरुण पोरं होती, सहाव्या दिवशी तीही नव्हती. तंजावरच्या नव्या वातानुकूलित थिएटरात तो सिनेमा तीन आठवडे टिकला. त्याचं कारण मला सांगता येणार नाही. पापनाशमला आठव्या दिवशी दुसरा, लहानसा सिनेमा लागला. त्यातलं कोणीच ओळखीचं नव्हतं.

नवव्या दिवशी मी ग्रंथालयात असताना रामस्वामींचा फोन आला. कपिस्तलमची ती बाई सासूला घेऊन आली होती. प्रणवेशचा सिनेमा उतरला हे तिला माहीतच नव्हतं. सासूला दोन बस बदलून आणलेलं, परत कसं पाठवायचं? रामस्वामींनी दोघींना नव्या सिनेमाला बसवलं. शेषम्माचा खांदा धरून म्हातारी सातही पायऱ्या चढली.

मी विचारलं, म्हातारीला आवडला का सिनेमा.

"ते नाही विचारलं," रामस्वामी म्हणाले. "बाहेर आल्यावर तुझ्या आईचा प्रश्न विचारला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, हिराबाईच्या मुलीला घेऊन येईन."

समोर एक विद्यार्थी पुस्तक परत करायला उभा होता. मी त्याच्या हातातून पुस्तक घेतलं.

"वर्ष सरू दे, ऐया," मी म्हटलं. "आषाढात सरेल."

"मी सांगतो तिला," ते म्हणाले.