सव्वाशे मीटरचा ढग

"सर, ढगाला खालून कोण कापतं?"

वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावर तियाशाने मौपियाच्या दंडाला चिमटा काढला. ऋता हे विचारणार नाही अशी दोघींनी तिच्याशी पैज लावली होती, आणि ही मराठी पोर खुशाल उभी राहून विचारून मोकळी झाली. तीन वर्षांपूर्वी बाबांची बँकेतून कोलकात्याला बदली झाली, तेव्हा बंगाली येत नाही म्हणून ऋता हजेरीलासुद्धा दबकत हात वर करायची. दहावीत आल्यापासून मात्र तिच्या जिभेला पंख फुटले होते.

"म्हणजे बघा ना," ती पुढे म्हणाली, "वर कापसाचा डोंगर आणि खाली एकदम सपाट. सुरी फिरवल्यासारखा."

फिजिक्सचे घोषाल सर हसले नाहीत. "गरम हवा वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती फुगते, आणि फुगली की गार होते. होता होता अशी उंची येते की तिच्यातल्या वाफेला वाफ म्हणून राहताच येत नाही, तिचे थेंब होतात. तिथपासून वर ढग, खाली काही नाही. कापणारं कोणी नसतं, ती उंचीच ठरलेली."

"किती?" ऋताने विचारलं. हे पैजेत नव्हतं.

"रोज वेगळी. पेल्यात पाणी घे, बर्फाचा एकेक खडा टाकून ढवळत राहा. ज्या तापमानाला पेल्याला बाहेरून घाम फुटेल तो दवबिंदू. हवा त्याहून जितके अंश गरम, तितक्या वेळा सव्वाशे मीटर, एवढ्या उंचीवर ढगाचा तळ. ताडून बघायचं तर दमदम विमानतळाचा हवामान अहवाल नेटवर असतो." सरांनी कपाटातून तापमापक काढून तिच्या हातात ठेवला. "प्रश्न तुझा, उत्तरही तूच आण. उद्या."

ऋता तरंगतच घरी आली. खरं तर फिजिक्स आणि ती यांचा काडीमोड झालेला होता. नववीत छत्तीस मार्क पडले तेव्हाच घरात ठरलं, अकरावीला कॉमर्स. बाबा म्हणाले, झेपेल तेच घ्यावं, आणि सगळ्यांत आधी मान डोलावली होती ती ऋतानेच. आता तो तापमापक दप्तरात ठेवताना तिला पहिल्यांदाच वाटलं, आपल्याला खरंच झेपत नाही का?

दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. शाळेला सुट्टी नव्हती, म्हणून आईने सकाळीच मोदकपात्र चढवलं होतं. गॅसची ज्योत फडफडू नये म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद. ओट्याच्या एका कोपऱ्यात ऋताने पेला मांडला. बर्फाचा पहिला खडा टाकते न टाकते तोच पेला घामाघूम झाला.

"आई, जमलं. एकच अंश फरक."

"बरं झालं. आता तो पसारा उचल, मला पुढचा घाणा लावायचाय."

वर्गात तिने फळ्यावर ठसठशीत आकडा लिहिला. सव्वाशे मीटर. घोषाल सर खिडकीपाशी गेले. शाळा खिदिरपूरला, चौथ्या मजल्यावरून हुगळी नदीवरच्या दुसऱ्या पुलाचे खांब स्वच्छ दिसायचे.

"त्या खांबांची उंची माहीत आहे कोणाला? साधारण सव्वाशे मीटर."

सगळा वर्ग खिडकीकडे वळला. खांबांची टोकं निळ्या आभाळात लख्ख उभी, आणि ढग त्यांच्या कितीतरी वर, मजेत चाललेले.

"तुझ्या हिशोबाने पुलाच्या डोक्यावर ढगाचा फेटा हवा गं," तियाशा म्हणाली, आणि जो हशा पिकला त्यात मौपियाचा आवाज सर्वांत वर होता. ऋताही हसली, पण फळ्यावरचा आकडा तिने घाईघाईने पुसून टाकला. छत्तीस मार्क काही उगाच पडत नाहीत.

संध्याकाळी दोघी मैत्रिणी गणपती बघायला आल्या. ऋता एसीच्या खोलीत तोंड फुगवून बसली होती.

"मोदक दे, मग रूस," तियाशा म्हणाली.

मोदक आणायला ऋता स्वयंपाकघरात शिरली आणि आंधळी झाली. चष्म्यावर पांढराफटक पडदा. आतमध्ये रात्रीच्या पाहुण्यांसाठी आई पुन्हा मोदक उकडत होती. ऋता तशीच, चष्मा न पुसता, उभी राहिली.

"आई, मी गाढव आहे."

"कबूल. काय झालं?"

"मी कोलकात्याची हवा मोजलीच नाही. मी तुझ्या मोदकांची वाफ मोजली."

मग काय विचारता. पेला, बर्फ, तापमापक आणि दोन मैत्रिणी घेऊन ती गच्चीवर पळाली. मोदकांचं ताट तियाशाने सोडलं नाही. या वेळी पेला लवकर दाद देईना. तिसरा खडा, चौथा खडा. मौपिया म्हणाली, "याला गुदगुल्या कर." अखेर सत्तावीस अंशांवर पेल्याच्या अंगावर बारीक धुकं उमटलं. हवा साडेएकतीस. फरक साडेचार.

"म्हणजे पाचशे बासष्ट मीटर," ऋता म्हणाली. "आता दमदमचं बघ. मुद्दामच आधी बघू दिलं नव्हतं."

तियाशाने चिकट बोटांनी फोन उघडला. "ढगाचा तळ अठराशे फूट. म्हणजे मीटरमध्ये..." ती थांबली. "जवळजवळ साडेपाचशे. आता तू आम्हाला आयुष्यभर छळणार."

ऋता वर बघत राहिली. सगळ्या ढगांचे तळ एका पातळीत, आणि ती पातळी कुठे आहे हे तिला ठाऊक होतं.

ती खाली आली तेव्हा आई-बाबा आरतीचं तबक लावत होते. बाबांनी विचारलं, "काय, सापडला का ढग?"

"सापडला. आणि सकाळी का चुकलं तेही सापडलं, कोणी न सांगता. बाबा, खरं सांगू, त्यातच जास्त मजा आली."

बाबा वात वळता वळता थांबले. "बरं, मग?"

"मग अकरावीला मी सायन्स घेणार," ऋता म्हणाली. "विचारत नाहीये हं. सांगतेय."