पाटलिणीनं धाडलेलं तेल

लेकीचं, लीलाचं लग्न दोन दिवसांवर आलं आणि कौसल्याच्या दारात तेलाचा डबा येऊन बसला. फल्लीचं, म्हणजे भुईमुगाचं तेल, नुकतंच घाण्यावरून काढलेलं. आणणारा उकंडा, पाटलांचा सालदार. डब्यामागून त्यानं खांद्यावरची भलीमोठी कढईही उतरवली.

"पाटलीणबाईनं धाडलं," तो म्हणाला. "गावच्या बायाईच्या पुऱ्या ह्या कढईत, ह्याच तेलात तळाच्या. तळाले माणूसबी आमच्याकडचा येईन. मंग साऱ्या जेवाले येतीन म्हणे."

कौसल्यानं डब्याला हातही लावला नाही. तिचा नवरा डोमाजी मात्र हरखला. झाकण काढून त्यानं वास घेतला. "अवं, असं तेल आपण सणालेबी पाह्यलं नाई! उरलं तं नवरदेवाकडचे दारव्ह्याचे पाव्हणे बोटं चाटतीन."

कौसल्याच्या घरी तळणाला होतं जवसाचं. आता जवसाचं तेल म्हणजे काय चीज आहे, ते ज्याच्या घरी तेच येतं त्यालाच विचारावं. कढईत पडलं की फेस काय धरतं, धूर काय करतं! नीट न कडवता पुरी सोडली तर पाहुण्याच्या मिशीतून वास जायचा नाही. म्हणून कौसल्यानं आधीच ते धुरावर आणून, कणकेचे गोळे काळे होईस्तोवर त्यात जाळून, कडवून ठेवलं होतं. डोळे सुजले होते बिचारीचे.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वस्तीतलं हे पहिलंच लग्न. गावातल्या बायांनी, निदान रुखमाबाई पाटलिणीनं तरी, आपल्या मांडवात पंगतीला बसावं, एवढी एकच हौस तिनं धरली होती. रुखमाबाई काही वाईट बाई नव्हती हो. कापूस वेचताना दोघी बरोबरीनं चालायच्या, एकमेकींची दुखणीखुपणी सांगायच्या. लीलाला गोवर निघाला तेव्हा बाई स्वतः औषध घेऊन वस्तीच्या तोंडापर्यंत आली होती. आत मात्र आली नाही.

संध्याकाळी कौसल्यानं डबा डोक्यावर घेतला, वाटेनं जाणाऱ्या उकंडाला हाक मारून कढई त्याच्या खांद्यावर दिली. डोमाजी आडवा आला. "डोकं फिरलं काय तुहं? चालत घरी आलेलं कायले परत करते?"

"देव सोडले ना आपण? मंग हे काहून धरू? माह्या पोरीच्या लग्नात दोन कढया नाई चढणार."

डबा पाहून रुखमाबाईचा चेहरा पडला. "कौसल्ये, तुह्या भल्यासाठीच केलं वं मी. सासूशी भांडून तेल काढलं."

"मले ठाऊक हाये बाई. म्हणून तर तुमच्या हाती द्याले आली. तुमी या. पण आमी जे खाऊ तेच खा."

"अन् बाकीच्या नाई आल्या तं?"

"नाई तं नाई."

बोलली खरी, पण घरी येईपर्यंत दोनदा मागं वळून पाहिलं तिनं.

लग्न लागलं. गावातून कोणी म्हणता कोणी आलं नाही. पाहुण्यांच्या पंगती उठल्या, शेवटची बसायच्या बेतात होती, आणि मांडवाच्या तोंडाशी रुखमाबाई दिसली. एकटीच! कौसल्याला आभाळ ठेंगणं झालं. बाईनं लीलाच्या हातात लुगडं दिलं आणि सरळ पंगतीत येऊन बसली. पळसाच्या पत्रावळीवर गरम पुरी पडली.

बाईनं पुरी तोडली, घास तोंडाजवळ नेला, आणि हात तिथंच थांबला. सगळी पंगत तिच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कौसल्ये, मन करते वं. हात ऐकत नाई. घरी नेऊ काय? घरी खाईन."

कौसल्याला तिची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. "नाई बाई," ती म्हणाली. "मी बांधून नाई देत."

बाईनं घास पत्रावळीवर ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि खालमानेनं निघून गेली. शेजारची पाहुणी ती पत्रावळ उचलू लागली, तर कौसल्यानं तिचा हात धरला. स्वतःच त्या जागेवर मांडी घातली आणि ती तुटकी पुरी खाल्ली. सगळ्यांदेखत, रडत रडत खाल्ली. पुरी झकास झाली होती. जवसाचा वास म्हणून नव्हता.

"वाढा ना!" ती वाढणाऱ्यांवर ओरडली. "माह्या पोरीचं लग्न हाये, मी अजून जेवली नाई."