मांजराची खोली

वाचकहो, एका लांब केसांच्या जातिवंत मांजराच्या खरेदीचा वृत्तांत येथे सविनय कथन केला जात आहे. त्यात एका गृहस्थाची निंदा येईल. ती पूर्ण विचारांती केलेली आहे.

गोरक्षनाथाने पिलू मानेला धरून उजेडासमोर उचलले आणि वांगे निवडावे तसे फिरवून फिरवून पाहिले. मिरजगावी ह्या इसमाने नूतन बंगला बांधला होता. दिवाणखान्यातील पांढऱ्या सोफ्यास शोभेल असे पर्शियन मांजर तेवढे उणे होते. म्हणून तो नगरला बानूच्या घरी आला होता. बानू अशा मांजरांची पैदास करीत असे.

"याच्याहून चपटं नाक न्हाई का?" त्याने विचारले.

बानूने पिलू त्याच्या हातून काढून घेतले. ह्या मांजरांचे डोळे दिवसातून दोनदा पुसावे लागतात, केस रोज न विंचरल्यास जटा होऊन कातडी सोलवटते, आणि उन्हाळा तर मुळीच सोसत नाही, असे तिने शांतपणे सांगितले. तो सद्गृहस्थ तेवढा वेळ मोबाईलच्या काचेत स्वतःचा भांग न्याहाळीत होता.

बानूचा एक नेम होता. गिऱ्हाइकाच्या हाती ती आधी फणी देई. ज्याला विंचरता येत नाही त्याला पिलू मिळत नसे. गोरक्षनाथाने बैलाला खरारा करावा तशी फणी ओढली. पिलाने त्याचे मनगट ओरबाडले.

"हे काम मी थोडंच करनार हाय? म्हातारी हाय की. रिकामीच असती."

म्हातारी म्हणजे लंकाबाई, त्याची जन्मदात्री. पिंजरा धरायला म्हणून तिला आणले होते, आणि ती उंबऱ्याशीच बसून होती. बानूने फणी तिच्यापुढे धरली. लंकाबाईने ती बाजूला ठेवली. पिलाला मांडीवर घेऊन तिने आधी बोटे फिरवली, काखेतली गुठळी शोधली आणि एका हाताने केसांचे मूळ दाबून दुसऱ्याने ती हलके हलके मोकळी केली. मग पदराच्या टोकाने पिलाच्या डोळ्याचा कोपरा पुसला.

"मूळ धरून सोडवावं, म्हंजी दुखत न्हाई," ती म्हणाली. पिलू घुरघुरू लागले.

"आजी, बंगल्यात तुमची खोली कुठली?" बानूने विचारले.

लंकाबाईने आधी मुलाकडे पाहिले.

"मागं हाय की, पत्र्याची. उकडतं लई. दार उघडं ठिवते मी."

"तिला एसी बाधतो," गोरक्षनाथ घाईने म्हणाला.

लंकाबाईचा हात पिलाच्या पाठीवर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

बानूने पिलाच्या विक्रीचा कागद पुढे ओढला.

"साहेब, ह्याला एसीची खोली लागेल. आणि जो विंचरतो त्याच्याच पायथ्याशी हे झोपतं. एकटं ठेवलं की खाणं सोडतं. महिनाभरही जगत नाही."

"म्हंजी म्हातारीला आत घ्यायची?"

"तुमची मर्जी. दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे."

गोरक्षनाथाने पिलाकडे पाहिले, मग आईकडे. बहुधा त्याच्या डोळ्यांपुढे सोफा आला असावा.

"करावं लागंल," तो म्हणाला. "मांजरापायी."

जी गोष्ट त्याला आईसाठी इतकी वर्षे सुचली नाही, ती मांजरासाठी दोन मिनिटांत पटली.

लंकाबाई पिंजरा रिकामाच ठेवून, पिलाला पदराखाली घेऊन गाडीत बसली. बानूने फणी तिच्याच हाती दिली.

गाडी वळेपर्यंत बानू दारात उभी होती. मग ती आत आली. तिची सात मांजरे दुपारची निजली होती. एक कूलरवर, एक घमेल्यात, बाकीची आपापल्या कोपऱ्यात, एकेकटी. गेली सहा वर्षे त्यांना रोज स्वहस्ते विंचरणारी बानू वरच्या मजल्यावर झोपत असे, आणि त्यांच्यापैकी एकानेही कधी जेवण सोडले नव्हते.

हे अल्पमतीचे लेखन ज्यांनी शेवटपर्यंत वाचले, त्या सर्वांचा मी ऋणी आहे.

— सहादेव किसन बनकर, मिरजगाव