जहाजावरचा मग पाझर तलावावर

मी मग बोलतोय. टमरेल म्हणाल तर खबरदार! नौदलाच्या जहाजावर नोकरी केलीय मी.

माझा हा हातभर दांडा जन्माचा नाही. बहात्तर साली पटकी देशोदेशीच्या बंदरांत हिंडत होती, ती आमच्याही जहाजावर चढली. खलाशी पटापट आडवे पडू लागले. तेव्हा मिलिटरीच्या दोन नर्सबाई जहाजावर धाडल्या. त्यातल्या एक लेफ्टनंट मनकर्णाबाई, जामखेडकडच्या शेतकऱ्याची लेक.

आजाऱ्यांना वेगळं करून बाई थेट पिण्याच्या पिंपाशी आल्या. तिथे जो तो बोटांसकट पेला बुडवत होता. बाई कडाडल्या, "हे काय हात धुवायला ठेवलंय?" पिंप ओतून दिलं, उकळलेलं पाणी भरलं आणि मिस्त्रीकडून मला हा दांडा ठोकून घेतला. पिंपात शिरायचं ते फक्त मी. बाकीच्यांनी पेला खाली धरायचा, मी वरून ओतायचं. कप्तानसाहेब सवयीने पेला बुडवायला गेले, तर बाईंनी त्यांचंही मनगट धरलं! साहेब वरमले, पण पेला खाली धरला. झाडूवाल्यापासून कप्तानापर्यंत सगळे माझ्याच हातचं पाणी प्यायले आणि जहाज वाचलं. खलाशांनी आठवण म्हणून मला बाईंना देऊन टाकलं. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला सांगू?

पुढच्या उन्हाळ्यात बाई सुट्टीवर गावी आल्या. दुष्काळ पडलेला, सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होतं. पाण्याचं पिंप एकच. गावातले लोक त्यात खुशाल हात घालत. वेशीबाहेरच्या वस्तीतल्यांनी मात्र पिंपाला शिवायचं नाही, ओंजळ धरायची आणि दुसऱ्याने वरून ओतायचं. शेजारच्या गावात पटकी आल्याची बातमी होती. बाईंनी मला पिंपावर टांगलं. "आजपासून सगळ्यांनीच वरून घ्यायचं."

झालं! त्यांचे चुलते आप्पासाहेब कामावरचे मुकादम. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आमी काय वेशीबाहेरचे हाय व्हय, ओंजळ धराया?"

वस्तीतली साळूबाई तिथेच उभी होती. ती म्हणाली, "आमी जन्मभर धरली, मुकादम. आमाला लाज न्हाई वाटली व्हय?"

बाईंनी विनवलं, "आप्पा, जहाजावर कप्तानानं ऐकलं हो!"

"त्यो समुद्र. हितं गाव हाय."

पालथ्या घड्यावर पाणी! बाईंची पाठ वळली की गावातले हात पिंपात, आणि वस्तीसाठी तेवढा मी. अरे, पिंपच नासलं तर एकटा मग काय करणार? मला ओरडता येत नव्हतं. त्याच पाण्यात मला बुडवलं आणि साळूबाईच्या ओंजळीत ओतलं. घटाघट प्यायली बिचारी.

पटकी आली. आप्पासाहेबही पडले. बाईंनी स्वतःची झोप मोडून सलाईन लावलं, ते उठले. साळूबाईला बाईंकडे आणेपर्यंत फार उशीर झाला होता. सवय जपली गावाने आणि जीव गेला तिचा. संताप येतो मला, अजून येतो!

सुट्टी संपली. बाई मला पिशवीत भरत होत्या, तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, "ऱ्हाऊ दे की, मनू. पटलं मला." बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मला पुन्हा पिंपावर टांगलं आणि त्या जामखेडच्या एसटीत बसल्या.

एसटीचा धुरळा बसतोय न बसतोय तोच आप्पासाहेबांनी हात कोपरापर्यंत पिंपात घातला. पोटभर पाणी प्यायले. नंतर पाणी मागायला साळूबाईची सून आली, तेव्हा मला उचललं आणि शेजारच्याला म्हणाले, "दांडा लई सोयीचा हाय. इटाळाची भीतीच न्हाई."

ऐकलंत? माणसं वाचवायला लावलेला दांडा हा! वाचकांनो, तुमच्यापैकी कुणी त्या कामावर गेलात, तर मला सगळ्यांसाठी वापरा. नाहीतर दगडावर आपटून हा दांडा तोडा. मोडका मग म्हणून उकिरड्यावर पडेन, पण त्या पोरीच्या ओंजळीवर असा उंचावरून धरला जाणार नाही.