कंपनीचा पाहुणचार

बॉयलर फुटून तिचा नवरा गेला, त्याच्या पाचव्या दिवशी कंपनीने गाडी पाठवली. गाडीतून कामगार कल्याण अधिकारी उतरला. कारखान्यात त्याला सगळे पाठीमागे साखरतोंड्या म्हणत.

"वहिनी, दाराशी पत्रकार बसलेत. दोन घास सुखाने खाऊ देत नसतील. चार दिवस हॉटेलात राहा, सगळं कंपनीकडे. आईंनाही घ्या."

"घरातलं माणूस गेलंय, आणि हॉटेलात कसलं जायचं?" सासू म्हणाली. पण सुनेच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. चार दिवसांत तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती गाडीत बसली. वाटेत त्याने तिचा मोबाईल मागून घेतला. "वाजवून वाजवून जीव खातील तुमचा. माझ्याकडे राहू द्या."

खोली अकराव्या मजल्यावर होती. खिडकी उघडतच नव्हती. गालिचा असा जाड की पावलाचा आवाज येईना. पलंगावर सहा उशा मांडलेल्या. "दोन डोक्यांना सहा?" सासू म्हणाली. न्हाणीघरातल्या नळाला चावीच नव्हती; हात पुढे केला की पाणी, मागे घेतला की बंद. सासूने त्या नळाला मनसोक्त शिव्या घातल्या. निदान कुणालातरी घालता आल्या.

सून पडल्या पडल्या झोपली. जाग आली तेव्हा ऊन गादीवर आलं होतं. तिला स्वतःचाच संताप आला. तो जाऊन आठवडा झाला नाही, आणि मी मऊ गादीवर अशी मेल्यासारखी झोपते?

चहा संपतो न संपतो तोच साखरतोंड्या हजर. त्याने टेबलावर एक कागद आणि पेन ठेवलं. "नुसती सही हवीय, वहिनी. वाचायची गरज नाही."

ती शाळेच्या कचेरीत कारकून होती. न वाचता कागद पुढे सरकवायची सवय तिला नव्हतीच. तिने वाचायला घेतलं. शेवटून दुसरं वाक्य होतं : 'माझ्या पतीने हयगयीने सेफ्टी व्हॉल्व्ह बंद ठेवल्यामुळे अपघात झाला, हे मला मान्य आहे.'

"हे कुणी लिहिलं?"

"तज्ज्ञांचं मत आहे."

"व्हॉल्व्ह अडकत होता. ते रोज जेवताना सांगायचे. तीनदा नोंदवहीत लिहून दिलंय म्हणाले होते. फोरमनलाही माहीत आहे."

"फोरमन?" तो हसला. "इतक्यांदा तुमच्या घरी जेवला, आता फिरकला का? वेळेला कंपनीच उभी राहते, वहिनी. मी खाली बसतो. सावकाश करा सही."

ते तिला लागलं. खरंच, कालपासून कुणीच आलं नव्हतं.

थोड्या वेळाने चादरी बदलायला एक बाई आली. तिने आधी दार लावून घेतलं. "बॉयलरवाल्यांच्या घरच्या तुम्हीच ना? कालपासून चार माणसं खाली तुम्हाला विचारतायत. एकाच्या हाताला बँडेज आहे. काउंटरवर सांगतात, असं कुणी इथे उतरलेलंच नाही. आत्ताही समोरच्या फुटपाथवर उभी आहेत. माझं नाव नका घेऊ."

सुनेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने कागद घडी करून पर्समध्ये कोंबला. सासू आधीच पिशवी घेऊन दारात उभी होती.

खाली साखरतोंड्या कॉफी पीत बसला होता. तो धडपडत उठला. "वहिनी, तुम्ही कशाला आलात खाली?"

"माझा मोबाईल द्या."

"हळू बोला, लोक बघतायत."

"बघू देत! नवरा माझा मेला, आणि चूक त्याचीच म्हणून सहीसुद्धा मीच करू? मोबाईल द्या!"

काउंटरवरचा कोटवाला लगबगीने आला. "मॅडम, आपल्याला काही त्रास..."

"मी तर तुमच्याकडे उतरलेलीच नाही ना? मग बोलताय कुणाशी?"

तो काउंटरमागे परतला. सासू साखरतोंड्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "घराबाहेर पडताना गॅस दोनदा बघून जायचा माझा लेक. त्याला हयगय करणारा म्हणतोस? जीभ कशी झडली नाही रे तुझी?"

त्याने खिशातून मोबाईल काढून दिला.

फुटपाथवर फोरमन होता, हाताला बँडेज. "वहिनी, घराला कुलूप, फोन बंद. कंपनीच्या ड्रायव्हरकडून हे हॉटेल कळलं, तर काउंटरवर नाहीच म्हणाले. आम्हाला वाटलं, तुम्हालाच आमचं तोंड बघायचं नाही." एवढं बोलून तो रडायला लागला. तिला मात्र रडू आलं नाही. "नोंदवही कुठाय?" तिने विचारलं.

ती पानं कंपनीने फाडली होती. पण फोरमनने आधीच मोबाईलवर त्यांचे फोटो काढून ठेवले होते. तिथूनच सगळे कारखाने निरीक्षकाच्या कचेरीत गेले. तिने सही न केलेला कागद त्याच्या टेबलावर ठेवला आणि जबाब दिला.

चौकशी आठ महिने चालली. अहवालात आलं : तीन तक्रारी होऊनही व्हॉल्व्ह बदलला नाही, मृत कामगाराचा दोष नाही. व्यवस्थापकावर खटला भरला गेला. साखरतोंड्याला बढती देऊन दुसऱ्या कारखान्यात पाठवलं.

सुनेने अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. सासू भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "हे तर आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "आणि तो मेला बढती घेऊन बसलाय. कुठल्या कारखान्यात पाठवलंय म्हणालीस? तिथल्या बायकांना जाऊन सांगायला हवं."

रविवारी दोघी गेल्या.